वडशाच्या कोर्टवरचे खड्डे

२००२ च्या डिसेंबरात वडशाला ठरलेला मुलींच्या बास्केटबॉलचा निवड सामना झाला नाही. गुडघा गेल्यावर मी खेळणं सोडून तिथल्या संघाचा सहायक प्रशिक्षक झालो होतो. विभागाच्या संघात जायची आमच्या मुलींना ही एकच संधी होती. सकाळी पोचलो, तर कोर्टभर नाटकाच्या मंडपासाठी खड्डे खणलेले होते.

"परवानगी कोणी दिली?" मी खांब रोवणाऱ्याला विचारलं.

"तुमच्याच मोठ्या सरांनं, भाऊ. नाटकात त्यायले हवालदाराचा पार्ट भेटला ना."

मुख्य प्रशिक्षक तालमीत संवाद पाठ करत होते. "सामना पुढच्या हप्त्यात घेऊ," ते म्हणाले. "तू काऊन तापून राह्यला?"

निवडकर्ते दुपारच्या गाडीने परत गेले. संघाची यादी त्याच आठवड्यात लागली. तिच्यात आमची एकही मुलगी नव्हती.