दांडीत सोडलेलं तेल

व्हिडिओ गेमच्या रिमोटवर अंगठ्यानं फिरवायची दांडी असते, तिच्यात मी करडईचं तेल सोडलं होतं. शिलाई मशीन कुरकुरलं की तेल घालायचं, एवढीच माझी इंजिनिअरी! गेम दिरानं पुण्याहून आणलेला. कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद देऊन तो गावाला गेला, आणि सासूबाई निजल्या की मी गाड्या पळवू लागले. पंधरा दिवसांत गाडी आपोआप डावीकडच्या खड्ड्यात जायला लागली. तेलानं तर दांडी अडकूनच बसली. दीर संध्याकाळी येणार होता. घरभर बोभाटा झाला असता.

चौसाळ्याच्या स्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करणारा एक रेडिओवाला बसायचा, दुपारीच रिमोट घेऊन त्याच्याकडे गेले. नाव मी कधी विचारलं नाही.

"दिराचं हाय. त्योच खेळतो," मी न विचारताच मोठ्यानं सांगितलं. मोठ्यानं बोललं की खोटं पटतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

त्यानं रिमोट उघडून आधी नाकाला लावला. "भजी तळली का काय ह्यात?"

मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटनं पुसत, आजारी लेकराला समजवावं तसा तो दांडीशी पुटपुटत राहिला. टाचणीनं खाचेतून वाळलेलं ज्वारीचं पीठ काढलं, माझ्या नखांकडे बघितलं, पण हसला नाही. दांडी मधोमध उभी राहिली. रिमोट हातात देताना म्हणाला,

"ताई, दिराला सांगा, भाकरी थापल्यावर हात धुवून खेळत जा. आन वळताना दांडीची मान नगा पिरगाळू म्हणावं, गाडी तशी बी वळती."