कमी बोलणारा पासवर्ड मॅनेजर

घरातल्या सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड ठेवायचा, हा नियम माझा. जुन्या गाण्यांच्या एका फुकट वेबसाइटवर नाव नोंदवताना तोच पासवर्ड आणि बायकोचा ईमेल पत्ता देणारा माणूसही मीच. माझ्या पत्त्यावर जाहिरातींचा कचरा येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

बायको गुजरातेत, कारेलीबागेतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत गणिताच्या शिकवण्या घेते. एके दिवशी तिच्या ईमेलवरून सगळ्या पालकांना घाणेरड्या जाहिराती गेल्या. मी लगेच म्हणालो, "कशावर तरी बोट लावलं असशील. शंभर वेळा सांगितलंय." तेव्हा मला ती वेबसाइट आठवली नव्हती, हे खरं. संध्याकाळी पासवर्ड बदलताना आठवली. तरी मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी तिने एकेका पालकाला फोन करून गुजरातीत माफी मागितली. "कांई वांधो नहीं, बेन," काही हरकत नाही, असं बहुतेक जण म्हणाले. एका मुलीच्या आईने मात्र, जमत नसेल तर ही यंत्रं वापरता कशाला, असं सुनावलं. तेव्हापासून बायको स्वतःचा फोन माझ्याकडे सरकवू लागली. गॅस बुक करायचा, पालकांच्या ग्रुपवर सुट्टी कळवायची, सगळं माझ्याकडे. "तुम्हीच बघा. माझा हात लागला की बिघडतं." वर्गमुळं तोंडी काढणारी ही बाई.

मग मी पासवर्ड मॅनेजर निवडायला बसलो. सगळे वेगवेगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवणारं सॉफ्टवेअर; आपण फक्त तिजोरीचा पासवर्ड लक्षात ठेवायचा. एक फुकट होता, पण फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालेना. दुसरा सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचा, आणि आमचा कॉम्प्युटर दर उन्हाळ्यात मान टाकतो. तिसऱ्याचा मुख्य पासवर्ड विसरलं की सगळं कायमचं गेलं. चौथा खरंच चांगला होता. आम्हा दोघांना आणि मुलीला वेगळे कप्पे, एक सामायिक कप्पा, बोट टेकवलं की उघडणार. शिवाय आपला पासवर्ड कुठून फुटला, तेही सांगायचा. मी बायकोचा पत्ता घातला. लाल अक्षरांत त्या गाण्यांच्या वेबसाइटचं नाव आलं.

मी तो फोनमधून काढून टाकला.

त्यानंतर मी नवे नवे मॅनेजर बघत राहिलो. तुलना आता एकाच गोष्टीची होती: कोणता कमी बोलतो. थकून जायचो, पण थांबायचीही भीती वाटायची. बंगळुरूहून मुलगी फोनवर हसली, "बाबा, माझ्यासाठी स्थळं बघताना तरी एवढ्या खोड्या काढू नका."

रविवारी जेवणं झाल्यावर बायकोने विचारलं, "अहो, तो चौथा का नको? त्या दिवशी तर चांगला म्हणत होतात."

"गुंतागुंतीचा आहे. तुला नाही जमायचा."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

तिने टोमणा मारला असता तर मी निभावून नेलं असतं. पण ते तिला पटलं होतं. मी तो चौथा पुन्हा फोनवर घेतला, तिचा पत्ता घातला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"गाण्यांची वेबसाइट? मी कधी गेले हिच्यावर?"

"तू नाही. मी गेलो होतो, तुझा पत्ता देऊन. पासवर्ड तिथूनच फुटला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. चुकलं माझं."

तिने त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "म्हणजे मला वेंधळी ठरवून तुम्ही इतके दिवस सॉफ्टवेअरमध्ये खोट काढत होतात!" मग म्हणाली, "माझ्या एकटीच्या कानात सांगून काय होणार? मी सगळ्यांना फोन केले होते."

मी ग्रुपवर लिहायला तिचा फोन उचलला.

"ठेवा तो. माझ्या नावाने नको." तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि कुणालाही न विचारता, स्वतःच्या बोटाने मला पालकांच्या ग्रुपमध्ये घातलं.

मी गुजरातीत लिहिलं: मी तुमच्या टीचरचा नवरा. ते मेल माझ्या चुकीमुळे गेले. तिने काहीच केलं नव्हतं, आणि हे माहीत असून मी तिला तुमची माफी मागू दिली. तिची आणि तुम्हा सर्वांची मी माफी मागतो.