गोपाळची वळणारी फळी

गोपाळ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या दुकानात, ट्रकच्या एका जुन्या गिअरबॉक्सवरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो. रिसीव्हर ठेवला आणि त्याला म्हणालो, "घेऊन जा, तू म्हणशील त्या भावात." तो तसाच निघून गेला. मी असं बोललो म्हणजे मालात खोट असणार, असं त्याला वाटलं असावं...

गोपाळ माझा मावसभाऊ. धुळ्याला आग्रा रोडवर ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसवायचं त्याचं दुकान. त्याच्या मुलीला, मंदाला, मुंबईच्या मामाने स्केटबोर्ड आणून दिला. चाकांची ती फळी सरळ छान धावायची, वळायला मात्र तयार नसायची. मंदाने कोपर फोडून घेतलं, तेव्हा गोपाळने फळी उलटी केली, आसाजवळचं रबर काढून फेकलं आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंगा बसवल्या. कडक स्प्रिंगा मंदाच्या वजनाला दबेनात. मऊ बसवल्या तर गोपाळ उभा राहताच फळी कलंडली. मग त्याने स्प्रिंगांवर नट चढवले. हलक्या माणसासाठी सैल करायचे, जड माणसासाठी आवळायचे. मला तर बळेच वर चढवलं.

"नाना, बठ्ठं तुन्हा वजनवर शे. नुसता कल."

सगळं माझ्याच वजनावर आहे म्हणतोय, तर मी कललो, आणि माझ्यासारख्या आडदांड माणसाला घेऊन फळी डौलात वळली.

खेळाचं सामान बनवणाऱ्या पुण्याच्या एका कारखानदाराला मीच धुळ्याला आणलं. माझी सुरुवात बैलबाजारातली. तिथे खांद्यावरचा रुमाल काढून हातांवर टाकतात आणि सौदा त्याखाली होतो, बोटांनी. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही. गोपाळला बजावलं होतं, "फळीवर तुझं नाव टाकायचं तो कबूल करेपर्यंत ती उलटी करायची नाही." पण पाहुण्याने सहज विचारलं, "हे वळतं कसं हो?" आणि चहा येण्याआधीच गोपाळने पाना घेऊन सगळं उघडून दाखवलं. घरी आलेल्या माणसाने विचारलं आणि सांगितलं नाही, हे त्याला जमणारच नव्हतं. कारखानदार "कळवतो" म्हणून गेला, तो गेलाच.

पुढे मुंबईच्या एका दुकानात आम्हा दोघांना तशीच फळी दिसली. त्याच स्प्रिंगा, तेच नट, वर नाव कारखान्याचं. मी दुकानदाराच्या अंगावर धावून गेलो. मागे पाहतो तर गोपाळ त्या फळीवर उभा राहून डावीउजवीकडे कलत होता.

"नाना, वळस ना. म्हणजे मी चुकनू नही."

त्याचं तेवढ्यात भागलं. माझं भागलं नाही, भागणारही नाही. म्हणून इथे छापून सांगतो: अशी फळी आधी धुळ्यात वळली, आग्रा रोडवर, गोपाळच्या हातून. एवढं डोकं आमच्या घरात होतं.

मंदाने गोपाळची ती फळी आता मला दिली आहे. गेल्या दिवाळीला धुळ्याला गेलो तेव्हा गोपाळने नट माझ्या वजनाला आवळले होते, ते तसेच आहेत. मी ती दुकानात, गल्ल्याच्या मागे उभी करून ठेवली आहे. गिऱ्हाइकं सारखी विचारतात, "शेठ, ही केवढ्याला?"

मी खांद्यावरचा रुमाल काढत नाही.