प्रतिष्ठित शेजारी

"सही पाहिजे ना? मग संडासाची नळी तुंबलीय, ती आधी मोकळी कर."

साहेब हे बोलले तेव्हा मी त्यांच्याच घरात शिडीवर उभा होतो. हातात टेस्टर. तीन दिवसांपासून त्यांच्या वरच्या नव्या खोलीची वायरिंग करत होतो. फुकट.

मी म्हणालो, "साहेब, मी वायरमन आहे."

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "वायरमन आत्ता झालास. तुझा बाप काय करायचा, ते अख्ख्या पिंप्राळ्याला ठाऊक आहे."

माझा बाप नगरपालिकेच्या गटारी साफ करायचा. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. पण वाटावी म्हणूनच हा माणूस बोलला होता.

मी आयटीआय केलेलं. पाच वर्षं जळगावातल्या डाळ मिलच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग केलं. मस्कतच्या एका कंपनीसाठी मुंबईत परीक्षा झाली, त्यात पास झालो. राहिला होता फक्त पासपोर्ट. त्याच्या चौकशीला हवालदार आमच्या गल्लीत आला. घरं बघितली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "दोन प्रतिष्ठित शेजारी लागतील. त्यांची सही लागते." मग रस्त्यापलीकडच्या कॉलनीकडे बोट केलं. "तिकडून आण."

कॉलनीतलं पहिलंच घर या साहेबांचं. नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "सही करीन की. वरच्या खोलीचं तेवढं बघून दे."

तेवढं म्हणजे तीन दिवस. चार ट्यूबा, दोन पंखे, कलर टीव्हीचा वेगळा पॉइंट. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. मी गेलो की सूनबाई शिडी धुऊन घ्यायच्या. बटणं कशी धुणार? माझ्या हातानं बसवलेली बटणं दाबल्याशिवाय त्यांच्या खोलीत उजेड पडणार नव्हता. एवढं साधं त्या घरात कुणाला सुचत नव्हतं.

मला सगळं दिसत होतं. तरी गिळत होतो. मस्कतसाठी.

शिडीवरून खाली बघितलं. दाराशी नळीत घालायची बांबूची लांब कामटी टेकवून ठेवलेली. सकाळपासून ठरलं होतं तर.

मी खाली उतरलो. टेस्टर खिशात घातला. पक्कड पिशवीत टाकली. मीटरची जोडणी तेवढी राहिली होती. ती तशीच ठेवली.

"दुसरा माणूस बघा," म्हणालो. "वायरिंगलाही आणि नळीलाही."

आता पेपर खाली आला. "मस्कतला जाऊन काय करशील? अरबाचे संडासच धुशील."

मला हसू आलं. जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर शिक्के मारून पोट भरलेला माणूस. फ्यूज उडाला की काड्यापेटी शोधणारा. तो मला माझी लायकी सांगत होता. या माणसापुढे मी तीन दिवस हात जोडले, याची मात्र लाज वाटली. पुढच्या दारानं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. हवालदाराला म्हणालो, "साक्षीदार माझ्या गल्लीतले देतो."

"प्रतिष्ठित पाहिजेत."

"कुठं लिहिलंय? दाखवा."

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. मीही वाकून वाचला. नुसतं 'दोन शेजारी' होतं. 'प्रतिष्ठित' हा शब्द त्यानं पदरचा घातला होता. आणि मी न विचारता तो तीन दिवस डोक्यावर वाहिला होता.

मी दोन माणसं उभी केली. रेल्वे धक्क्यावर हमाली करणारे शेजारचे आबा. आणि गाडीवर केळी विकणारी रुखमाक्का, मूळची दोंडाईचाची. हवालदारानं विचारलं, "याची वागणूक कशी आहे?"

अक्का म्हणाली, "धाकलपणपाईन याले वळखस मी. पोऱ्या चांगला शे. बठ्ठी गल्लीले इचारी ल्या. अंगठा कोठे लावू, ते सांगा."

आबांनी सही केली. अक्कानं अंगठा लावला. हवालदारानं तो कागद महिनाभर दाबून ठेवला. मी रोज सकाळी चौकीच्या बाकावर जाऊन बसायचो. शेवटी तोच कंटाळला.

मस्कतला पोचलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एक सुपरवायझर शेजारी येऊन बसला. आपल्याकडचाच, पुण्याचा. मराठी ऐकून खुलला. गाव विचारलं. मग आवाज बारीक करून आडनाव विचारलं.

समुद्र ओलांडून आलेला माणूस. सोबत हेच घेऊन आला होता.

मी आडनाव सांगितलं. जरा मोठ्यानंच. त्यानं घास तसाच ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि ताट उचलून पलीकडच्या टेबलावर गेला.

मी भाकरी मोडली. जेवत राहिलो.

तेव्हाच ठरवलं. ज्याला उठायचं असेल त्यानं खुशाल उठावं, उपाशी राहावं. मी सरकणार नाही. इथंही नाही, जळगावातही नाही.