अमेरिकेला गेलेला खण

एकाहत्तरच्या डिसेंबरातला रविवार होता. मलकापुरात आमच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, नुकताच संपला होता आणि शेजारच्या, आम्हाला दूध घालणाऱ्या हौसाअक्का दारात येऊन उभ्या राहिल्या... हातात दुधाची चरवी नव्हती, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

मी मूळची वसईची. यजमान कराडकडच्या साखर कारखान्यात फिटर, म्हणून मलकापुरात बिऱ्हाड. आसपास कॅथलिक घरं अगदी थोडी, त्यामुळे आमची पुढची खोली हेच चर्च... फादर मार्टिन मोटरसायकलवरून यायचे. माणूस अमेरिकन, पण मराठी असं शुद्ध बोलायचा की आपल्यालाच संकोच वाटावा.

येताना ते अमेरिकेतल्या कॅथलिक साप्ताहिकांचा गठ्ठा आणायचे. बोटीने आलेले, चांगले शिळे झालेले अंक, पण आमचे हे ते ताज्या पेपरसारखे वाचायचे. एका पानावर व्हिएतनामची लढाई म्हणजे धर्माचंच काम, तर दुसऱ्या पानावर त्याच लढाईला विरोध करून तुरुंगात गेलेले फादर... आणि बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकायचं की नाही, यावरून वाचकांच्या पत्रांत नुसती जुंपलेली. सगळीकडे मातीच्याच चुली, दुसरं काय.

तर हौसाअक्का. त्यांचा मुलगा बापू फौजेत, आणि त्या वेळी पाकिस्तानच्या सीमेवर होता. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय, ही बातमी आदल्या दिवशी रेडिओवरून गावभर झाली होती.

"आवं फादरबाबा, तुमच्या लोकांनी आमच्या पोरांवर बोटी धाडल्यात म्हनं. खरं हाय का?"

मी तर गारच पडले. फादरांना आता या घरात पाऊल टाकता येणार की नाही, हेच मला कळेना.

"खरं आहे, अक्का," फादर म्हणाले. "मला त्याची लाज वाटते. मी आमच्या सरकारला तसं लिहिलंही आहे." मग म्हणाले, "माझा भाचाही युद्धावर आहे. व्हिएतनाममध्ये."

अक्कांचा आवाज तिथेच उतरला. त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि भाच्याचं नाव विचारलं... डॅनी. वय आमच्या बापूएवढंच.

मग फादरांनी न विचारताच पुढचं सांगितलं. ही लढाई पाप आहे, असं त्यांनी बहिणीला स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर बहिणीचं उत्तर आलं की माझा मुलगा काय पापी आहे का... आणि तेव्हापासून पत्र बंद. उन्हाळ्यापासून बहीणभावात अबोला. हे सांगताना ते साप्ताहिकांच्या गठ्ठ्याकडेच बघत होते, आमच्याकडे नाही.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "पोरगं तिकडं रणात, आन मामा हितनं लिवतोय लडाई खोटी हाय. लडाईचं काय ते सरकारला लिवा की. भैनीला लिवायचं आसतं, भाचा जेवतोय का."

"पण माझं मत मी कसं बदलू?"

"मत ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. तिला काय करायचंय ते? भाऊबिजेला काय धाडलंत तिला?"

अमेरिकेत कुठली आलीय भाऊबीज... पण अक्कांना ते पटणारं नव्हतं. बहीण म्हटली की भाऊबीज आलीच, ती कुठल्याही मुलखातली असो.

त्या तडक घरी गेल्या आणि पेटीतला खण घेऊन आल्या. हिरवा, लाल काठांचा, कोराकरकरीत. त्याच दिवाळीत त्यांच्या भावाने ओवाळणीत घातलेला... मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी तो फादरांच्या हातात ठेवला. "चोळी शिव म्हनावं. आन डानीची खुशाली इचारा, दुसरं काय लिवू नका."

संध्याकाळी दूध आलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्यांच्या देव्हाऱ्यात बापूच्या नावाने दिवा लागायचा, त्याच्या शेजारी त्या दिवसापासून आणखी एक लागू लागला. आमच्या खोलीत फादर दर मिस्सात डॅनीबरोबर बापूचंही नाव घेऊ लागले. लढाई संपली. बापू रजेवर धडधाकट घरी आला आणि त्याने आमच्याकडेही पेढे दिले.

फादरांनी खण आणि पत्र बहिणीला धाडलं होतं, पण अमेरिकेहून उत्तर येईना. फादर काही बोलायचे नाहीत, पण अक्का दर रविवारी दारातून विचारायच्या आणि त्यांनी नुसती मान हलवली की तशाच परत जायच्या.

ईस्टरनंतर एका रविवारी फादर मोटरसायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवूनच आत आले. हातात फोटो. चर्चच्या पायरीवर, लांब कोटातली एक गोरी बाई... आणि डोक्यावर हनुवटीखाली गाठ मारलेला आपला हिरवा खण.

बहिणीने लिहिलं होतं, हल्ली इथे डोकं झाकून चर्चला कुणी येत नाही, सगळ्या मला जुनाट म्हणतात. मी मात्र डॅनीसाठी प्रार्थना करायला रोज हा बांधून जाते. डॅनी उन्हाळ्यात परत येतोय. तुझं मत मला अजूनही पटलेलं नाही... पण तू नीट जेवतोस ना?

शेवटच्या वाक्यापाशी फादरांनी पत्र आमच्या यांच्या हातात दिलं. ते यांनी वाचून दाखवलं.

अक्कांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "चोळी न्हाई शिवली," त्या म्हणाल्या. "पर डोईवर पदर घेतलाय. भैन चांगल्या घरातली दिसतीया."

आज हे आठवायचं कारण, आमचा नातू अमेरिकेत असतो. तिथल्या राजकारणावरून त्याची आणि त्याच्या बापाची फॅमिली ग्रुपवर रोज खडाजंगी चालते... पोप काय म्हणाले, राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले. मलाही मत आहे, आणि चांगलं ठाम आहे.

पण काल दोघंही रुसून गप्प बसले, तेव्हा मी हौसाअक्कांना मनोमन नमस्कार केला आणि ग्रुपवर नातवाला एवढंच लिहिलं... बाळा, जेवलास का?

आधी उत्तर त्याच्या बापाचं आलं, तेही मला नाही, लेकाला. "हो रे, जेवलास का?"