निफाडला दोनदा पहिल्यांदाच

आपल्या सायकल मंडळाच्या अंकाला प्रवासवर्णन देतो असं कबूल केलं आणि तेव्हापासून मी तोंड चुकवत फिरतोय, हे खरं आहे. संपादक रोज संध्याकाळी आमच्या चाळीखालून घंटी वाजवत जातात आणि मी खिडकीतून मागे सरकतो. काय लिहायचं ते ठाऊक होतं. नुसतं आठवलं तरी डोकं तापतं, म्हणून टाळत होतो. आज बसलोय, कारण उद्या सकाळी देवळालीला सैन्यभरती आहे, घरात प्रत्येकाला काही ना काही काम लागलंय आणि मला कोणी काही सांगितलेलं नाही.

ज्यांना नाशिकरोडहून सिन्नर, निफाड आणि घोटी एका दमात पाहायचं आहे त्यांना दोन दिवस पुरतात. रस्ते बरे आहेत, एसटी मिळते, नाही मिळाली तर जीप मिळते. आम्हाला जास्त दिवस लागले त्याला रस्ता जबाबदार नाही. नातेवाईक जबाबदार आहेत.

झालं असं की विलायतेहून मिलिंद आला. मिलिंद माझा मावसभाऊ, आक्कामावशीचा मुलगा. आक्कामावशी आमच्या आईच्या भावंडांत सगळ्यांत मोठी, थोरल्या मामांपेक्षाही मोठी. नर्स होऊन तिकडे गेली ती तिथलीच झाली. मिलिंद तिथे जन्मला म्हणून तिकडचा नागरिक, आणि त्याच्या वडिलांनी इकडचा पासपोर्ट कधी सोडला नाही म्हणून इकडचाही. त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट आहेत. जूनमध्ये त्याला अठरा पुरी होतात आणि मग दोन्ही ठेवता येत नाहीत, एक काय तो निवडावा लागतो. आणि या पोराला सैन्यात जायचंय. जायचं हे पक्कं, कोणाच्या ते ठरत नाही. तिकडे तो परीक्षा पास झालाय, हजर व्हायची तारीखसुद्धा मिळालीय. इकडे भरती आहे. त्यानं वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय विचारतोस, मामांना विचार," आणि विमानाचं तिकीट काढून दिलं.

आमच्यात ही रीत आहे. लग्न असो, नोकरी असो, नाहीतर राजदूत फटफटी घ्यायची असो, तिन्ही मामांना विचारायला जायचं. पत्रानं विचारलेलं चालत नाही. घरी जायचं, चहा घ्यायचा, मग विचारायचं. आणि मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. मी कॉलेज सोडलं तेव्हा कोणालाच विचारलं नव्हतं. त्यावरून घोटीचे मामा अजून मला "साहेब" म्हणतात.

निघताना आईनं बजावलं, "आधी निफाडला दादा, मग सिन्नर, मग घोटी. ऐकतोयस ना?"

मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणतो.

नाशिकरोडच्या स्टँडवर निफाडची गाडी लागेना. कंट्रोलरला विचारलं तर त्यानं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "आली की दिसंल." समोर सिन्नरची गाडी उभी, रिकामी, खिडकीच्या जागा मोकळ्या. मी म्हटलं, सिन्नर जवळ आहे, दुपारपर्यंत उरकू आणि तिथून परस्पर निफाडला जाऊ. नकाशात हे अगदी बरोबर होतं.

गाडीत मिलिंदकडे सगळे वळून वळून बघत होते. दिसायला आमच्यासारखाच आहे, पण बूट असे की कोणीही विचारावं. बोलतो मात्र आक्कामावशीनं वीस वर्षांपूर्वी इथून जाताना सोबत नेलेली मराठी. शेजारच्या म्हातारबुवांनी "कुठले पाव्हणे?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "म्या बर्मिंगहॅमचा हाय." म्हातारबुवांनी समजल्यासारखी मान हलवली आणि विचारलं, "ते येवल्याकडं का?"

सिन्नरचे संपतमामा औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून घरी सापडले. जयभीम झाला, चहा आला, आणि मिलिंदनं शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"तिकडंच जा," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "पगार चांगला, बूट चांगले, थंडीचे कपडे सरकारी. तुला सवय तिथली. इथल्या उन्हात तू दोन दिवस टिकणार नाहीस. बरं, दादा काय म्हणाले?"

"त्यांना आजून नाय इचारलं," मिलिंद म्हणाला. "पयले तुमच्याकडंच आलो."

बशी तोंडापाशी थांबली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "राज्या, तुला काही कळतं का?"

मी म्हटलं, निफाडची गाडी नव्हती.

"मग मी काही बोललो नाही. तुम्ही आलात, मी पाळीवर होतो, भेट झाली नाही."

"पन मामा, तुम्ही आत्ताच म्हनला..."

"मी पाळीवर आहे," मामा म्हणाले आणि खरोखर उठून डबा न घेताच सायकल काढून निघून गेले. पाळीला अजून खूप अवकाश होता.

मामीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिले, निफाडला द्या म्हणाली. तिथून सरळ निफाड गाठायचं, पण सिन्नरपर्यंत येऊन गोंदेश्वर न बघता जायचं हे मला पटेना. तुम्हीही जा. काळ्या दगडाचं देऊळ आहे, सावली आहे, आणि तिथं कोणी कोणाला काही विचारत नाही. मिलिंद तिथं एका खांबाला टेकून झोपला. निफाडची गाडी चुकली. जीपनं नाशिकरोडला परत आलो. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. आईला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निफाड. द्राक्षांचा हंगाम असेल तर या रस्त्यावर डावीकडची खिडकी पकडा. पण उसाचाही हंगाम असतो, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका. कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या रस्ताभर असतात आणि एसटी त्यांच्यामागून वरातीसारखी चालते. पोरं पळत येऊन उसाची कांडी ओढतात. मिलिंदनंही खिडकीतून हात घालून एक ओढली. तेवढा वेळ तो खूश होता.

थोरले मामा, म्हणजे दौलतमामा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता थोडी द्राक्षबाग आहे. वेलींच्या ओळीसुद्धा दोरी लावून सरळ केल्यात. मामीनं आमच्या हातातला डबा घेतला, उघडायच्या आधी सवयीनं बुडाशी बघितलं. स्टीलच्या डब्यावर नाव कोरायची आपल्याकडची सवय मी विसरलोच होतो. संपतमामांचं पूर्ण नाव, लग्नाच्या तारखेसकट.

"सिन्नरवरून आलात व्हय?" थोरले मामा म्हणाले.

मी काहीतरी पुटपुटलो. मिलिंदला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा त्रास आहे. "काल गेलतो," तो म्हणाला.

"मंग झालं की इचारून. आता द्राक्षं खा." मामा चपला घालून बागेत निघून गेले.

मामी आमच्यापुढं ताट ठेवत म्हणाली, "आन् आक्का काय म्हनती रं?"

मिलिंद तोंड उघडणार तेवढ्यात बागेतून आवाज आला. "त्यांना म्हनावं, परतीची गाडी बाराला हाय."

आम्ही बागेत जाऊन हात जोडले. मिलिंदनं माफी मागितली, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. मामा कात्रीनं घड साफ करत राहिले. शेवटी म्हणाले, "आज तुमी आलाच न्हाई. घरी जा. उद्या सकाळी घरून निघा, सरळ हितं या. मंग बोलू."

"म्हणजे पुन्हा नाशिकरोडला जाऊन पुन्हा यायचं?" मी म्हटलं.

"पुन्हा कुटं? अजून एकदाबी आला न्हाईस."

बाराच्या गाडीत उसाच्या गाड्यांमागे आम्ही ताटकळत बसलो तेव्हा मिलिंद म्हणाला, "आर्मीची एंट्रन्स याच्याहून इझी होती."

तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच दारात, थोरले मामा उभे. "या, या. लय दिसांनी. मिलिंद ना तू? कवा आलास विलायतेहून?"

मामीनं तोंडाला पदर लावला होता. पुन्हा तसाच चहा, तसंच ताट. कालचा डबा कुठं दिसत नव्हता. मिलिंदनं पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून, जसं काही कोर्टात उभा आहे.

मामांनी आधी त्याला अंगणात उभं केलं, सावधान म्हणाले, भोवती फिरले, खांदा एक बोट मागे ढकलला. मग बाजेवर बसून म्हणाले, "सैन्यातच कशापायी?"

हे त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मिलिंद म्हणाला, "तिकडं शाळंत पोरं म्हनतात, घरी जा. रस्त्यावर पन म्हनतात. हिकडं आलो तर समदे म्हनतात लंडनवाला, म्या लंडनला ऱ्हात पन नाय. युनिफॉर्म घातला की कोनी इचारनार नाय, असं वाटलं. कुठला तू, म्हनून."

मामांनी बुटांकडे बघितलं, मिलिंदच्या. "पलटनीत कोनी इचारत नव्हतं," ते म्हणाले. "एका भांड्यातलं खाल्लं, एका खंदकात झोपलो. सुट्टीवर गावी आलो की इष्टीतून उतरल्या उतरल्या इचारायचे. अंगावर वर्दी असली तरी."

"मंग काय उपेग?"

"उपेग हाय. मी इथलाच हाय, म्हनून त्यांना उलटं इचारता आलं." मामांनी हात झटकले. "तिकडं तुला तसं इचारता येतंय का, ते मला काय म्हाईत? मला इथलं म्हाईत. म्हनून म्हनतो, हिकडं. कागदावर घरच्या मोठ्याची सही लागंल, ती मी करतो."

मामी पुन्हा काहीतरी बोलू बघत होती. मामा म्हणाले, भाकरी वाढ.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. त्याच दुपारी सिन्नरला गेलो, पुन्हा पहिल्यांदाच. संपतमामांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "दादा काय म्हणाले?" आम्ही सांगितलं. "मग तेच. मी पण तेच म्हणणार होतो." त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मिलिंदनं माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीबाहेर.

सिन्नरहून घोटीचा रस्ता सुंदर आहे, पुढे पुढे डोंगर जवळ येतात आणि भाताची खाचरं लागतात. मार्चमध्ये ती कोरडी असतात. स्टँडजवळ भजी खा, पण चटणी जपून. धाकटे बबनमामा भातगिरणीत असतात. अंगभर कोंडा. "या साहेब," मला म्हणाले. मिलिंदचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोरल्यांनी सांगितल्यावर मी काय बोलू? मला लहान म्हणून कोणी कधी विचारतच नाही, नुसतं सांगायला येतात. मला विचारशील तर दोन्ही सोड. इथं एक माणूस कमी आहे."

परतीच्या जीपची वाट बघत बसलो होतो. मी मिलिंदला म्हटलं, "आता तरी ठरलं ना?"

"त्यांचं ठरलं."

"आणि तुझं?"

त्यानं भज्यांचा कागद चुरगळला. "म्या अजून पन इचारत होतो. तुम्ही समदे सांगूनच मोकळे झाले." मग जीप आली आणि आम्ही पुढची सीट पकडायला धावलो.

घरी आल्यापासून त्याचं पळणं चालू आहे, रोज पहाटे मैदानावर. भरतीला जन्माचा दाखला लागतो, तो तिकडेच राहिला होता, म्हणून आईनं आक्कामावशीला तार केली: दाखला ताबडतोब पाठव. कशासाठी ते लिहिलं नाही, तारेत शब्द वाढतात. दाखला काही आला नाही. थोरले मामा मात्र कालच आलेत, उद्या सही करायला. निफाड सोडून ते कोणाकडे मुक्कामाला जात नाहीत, तेव्हा चाळीत सगळे त्यांना बघून जातायत. मिलिंदचा तिकडचा पासपोर्ट आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. परवा तो कपाटाशी उभा होता. मी गेल्यावर म्हणाला, "काय नाय, हाय का बघत होतो."

मागे वळून बघतो तर माझ्या लक्षात काय राहिलं? गोंदेश्वरची सावली. ती कांडी ओढताना मिलिंदचा चेहरा. आणि निफाडच्या मामीचा तो प्रश्न, ज्याचं उत्तर ऐकायला आमच्यातला एकही जण थांबला नाही. प्रवासाला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो, गाडी नसली तरी स्टँडवर बसून राहा, आणि कोणी डबा दिला तर आधी उलटा करून

अर्धवट सोडतोय, कारण खाली रिक्षा थांबली आणि धाकटी बहीण ओरडत जिना चढून आलीय. मी खिडकीतून बघतोय. एवढ्या उन्हात हातावर जाड लोकरीचा कोट, दुसऱ्या हातात दाखल्याचं लांबट पाकीट. आक्कामावशी आलीय. कळवलं नाही, काही नाही. आई दारात तशीच उभी आहे. मागच्या खोलीत थोरले मामा दाढी करत होते, ते अर्ध्या फेसानिशी उठून उभे राहिलेत, हात मांड्यांना चिकटवून. मावशी अजून पहिल्या पायरीवर आहे आणि तिथूनच विचारतेय, "काय रं राज्या, समद्यांना इचारून झालं का?"