तिसऱ्या अंकातला नमस्कार

कोराडीच्या आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गणपतीतलं नाटक दरवर्षी मीच लिहितो, मीच बसवतो. कोणाला मारायचं, कोणाला जगवायचं, सगळं माझ्या हातात. खोटं कशाला बोलू, भारी मजा येते. मागच्या वर्षी मात्र पार जिरली.

नाटकात एका आईचं मूल दगावतं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी देव प्रकट होतो, म्हणतो, "मी दिलं, मी नेलं," आणि आई त्याच्या पायांवर डोकं ठेवते. पडदा! लिहिताना माझे मलाच हुंदके आवरेनात.

आईचं काम शेजारच्या वहिनींनी मागून घेतलं. त्यांचा मुलगा तापानं जाऊन दोन वर्षं झाली होती. तालमीत त्या देवासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मी नाही वाकत."

"काहून?"

"हेच मले अख्ख्या कॉलनीनं ऐकवलं. नेताना त्यानं मले विचारलं काय?"

"तो कशाले विचारन, वहिनी? त्यानंच घडवलं ना."

"घडवलं त मीबी. नऊ महिने. म्हणून मले पोराले मारायचा हक्क भेटला काय?"

नाटक तीन दिवसांवर, आणि हे! मी ओरडलोच, "नाटक मी लिहिलं. वाकायचं म्हणजे वाकायचं!"

"घ्या, हा दुसरा देव," त्या म्हणाल्या. सगळे हसले. पहिला देवसुद्धा.

प्रयोगात तेच. देवानं, म्हणजे बॉयलरवरच्या आमच्या फिटरनं, स्टुलावरून वाक्य म्हटलं, आशीर्वादाचा हात उचलला. वहिनी ताठ. विंगेतून मी दात-ओठ खात, "वाका! अहो, वाका ना!" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा देवाकडे. देवाचा उचललेला हात अवघडून खाली आला. शेवटी देव मुकुट सांभाळत खाली उतरला आणि माईकमध्येच विचारता झाला, "भाऊ, आता मी काय म्हणू?"

कोणीही हसलं नाही. मी पडदा ओढला.

यंदा वहिनी म्हणतात, तेच नाटक करा; मी पाया पडीन, फक्त देवाले नीट उत्तर लिहून द्या. महिनाभर खरडतोय. जे लिहितो, ते त्यांच्यासमोर वाचायची हिंमत होत नाही. देव माझा, आई माझी, पेन माझं, आणि एक ओळ सुचत नाही!